ब्लॅक बेल्टची परीक्षा मोबाइलने घ्यावी काय?

होटगी रोडकर : या कराटे-चर्चेतील एका सभासदाने काल सुचवले की, ग्याकु-झुकीचे (मागच्या हाताने मारायच्या ठोशाचे) दहा ठोसे मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमने चित्रित करावेत, प्रत्येकाचा वेळ काढून प्रमाण विचलनाला (वेळा सरासरीपासून किती विखुरल्या आहेत, त्या मापाला) सरासरीने भागावे आणि ज्याचे उत्तर सर्वांत लहान, म्हणजे ठोसे सर्वांत एकसारखे, त्यालाच खरा ब्लॅक बेल्ट मानावे. एक फ्रेम म्हणजे सुमारे 4 मिलिसेकंद. ठोसा नेमक्या कोणत्या फ्रेममध्ये सुरू झाला यावर दोघांचे एकमत झाले नाही, तर ज्याच्या ठोशांत फरक मुळातच थोडा, अशा मुरलेल्या कराटेपटूच्या बाबतीत आपण त्याचे सातत्य मोजत नसून आपलाच गोंधळ मोजत असतो. शिवाय 1920च्या दशकात मॉस्कोत हालचालींचे अभ्यासक बर्नस्टाइन यांनी हातोडा चालवणाऱ्या कामगारांचे चित्रण केले, तेव्हा हातोड्याचे टोक बरेचसे ठरलेल्या वाटेने जात होते, पण खांदा आणि कोपर यांच्या हालचाली दर घावाला बदलत होत्या. कोपराचा कोन मोजून सेन्सेईंना (गुरूंना) नापास करणार आहात काय?

जुळे सोलापूर (कालची सूचना करणारे) : कोपराचे नाव मी काढलेच नव्हते. बर्नस्टाइन माझ्याच बाजूने बोलतात : मूठ कोठे आणि केव्हा पोहोचते, तेवढेच मोजा. टोकियो ऑलिंपिकमध्ये कातासाठी (एकट्याने करायच्या ठरावीक हालचालींच्या क्रमासाठी) सात पंच 5 ते 10 च्या पट्टीवर गुण देत होते, आणि त्यांतील वरचे दोन व खालचे दोन गुण वगळले जात होते. जाणकारांच्या नजरेवर आपला एवढा विश्वास आहे, तर ही काटछाट कशासाठी?

पार्क मैदान : आपण दोघेही अनुभवी कराटेपटू कोणाला म्हणायचे, हा प्रश्न टाळत आहात. माझ्या भाच्याच्या वर्गात ग्रेडिंगची (पट्ट्याच्या परीक्षेची) फी भरली की पट्टा मिळतो. नऊ वर्षांच्या मुलांच्या कमरेला काळा पट्टा आहे आणि ज्यांना झेनकुत्सु-दाचीत (पुढचा गुडघा वाकवून उभे राहण्याच्या पवित्र्यात) धड उभे राहता येत नाही, त्यांचे फलक चौकात झळकतात. अशांना अनुभवी धरून काढलेल्या सरासरीचे काय करायचे?

होटगी रोडकर : फीची तक्रार रास्त आहे, परंतु मोबाइलच्या परीक्षेत तोच नऊ वर्षांचा मुलगा पहिला येईल! जोर न लावता, सावकाश आणि एकसारखे दहा ठोसे कोणीही मारू शकतो. आमचे सेन्सेई दिवसा यंत्रमागावर काम करीत आणि संध्याकाळी शिकवीत. कुमितेत (समोरासमोरच्या लढतीत) त्यांचा कोणताही ठोसा आधीच्यासारखा नसे, म्हणूनच तो आम्हाला कधी अडवता आला नाही.

पार्क मैदान : माझा भाचा सावकाश मारतो, हे आपण न पाहताच ठरवलेत. शिकवणाऱ्याचा राग मुलांवर काढू नका.

एक क्रीडाशिक्षिका : भाच्याला यातून वगळू या. हेआन शोदान या सुरुवातीच्या कातामध्ये अंतर, दिशा आणि वेळ ठरलेली असते, त्यामुळे तेथे पुनरावृत्ती मोजण्याला अर्थ आहे. कुमितेत समोरचा हलतो, तेथे तीच मोजणी फसवी ठरते. माझ्या मते दोन व्यक्तींची तुलना करण्यापेक्षा एकाच व्यक्तीचे ताजेपणीचे आणि दमल्यानंतरचे ठोसे ताडून पाहावेत, आणि वेळेबरोबर वेगही नोंदवावा, म्हणजे सावकाश मारून कोणालाही गुण लाटता येणार नाहीत. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली तासभर सराव झाला की कोणाची मूठ भरकटते, हे त्यातून दिसेल. पट्टा द्यायचा की नाही, हे त्यातून ठरणार नाही.

जुळे सोलापूर : आपणा सर्वांच्या समाधानासाठी ‘खरा’ हा शब्द मी काढून टाकतो. वेगाची अट मान्य आहे. होटगी रोडकरांनी सावकाश ठोशांचा मुद्दा एवढ्या तावातावाने न मांडता सांगितला असता, तर तेव्हाच मान्य केली असती. मात्र काही सेन्सेई चित्रणालाच नकार देतात; ते कशाला घाबरतात, हे कोणी सांगेल काय?

होटगी रोडकर : घाबरत नाहीत, कंटाळतात. येत्या रविवारी मोबाइल आणि तिपाई घेऊन या; ठोसा कोठे सुरू झाला, ती फ्रेम मात्र आपल्या दोघांपैकी कोणीही निवडायची नाही.

पार्क मैदान : आणि ग्रेडिंगच्या फीची पावती का मिळत नाही, यावर कोणी बोलणार आहे काय?