पस्तीस फुटी कॅम्पर ओढण्यासाठी जुना डिझेल पिकअप कोणता घ्यावा?

डॅलसवासी
नमस्कार. आम्ही डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरात राहतो. मागच्या महिन्यात एका निवृत्त शेजाऱ्याकडून पस्तीस फुटी फिफ्थ व्हील कॅम्पर घेतला, म्हणजे चाकांवरचे असे घर, ज्याची मान ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसावर टेकते त्या प्रकारचा. माझ्याकडे असलेल्या गाडीने तो जागचाही हलणार नाही. आई-बाबा गेल्या आठवड्यात पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले आहेत आणि जूनमध्ये त्यांना घेऊन कोलोरॅडो, युटा आणि यलोस्टोन असा प्रवास करण्याचा विचार आहे. आम्ही दोघे, दोन मुले आणि आई-बाबा असे एकूण सहा जण असू. माहितीपत्रकानुसार कॅम्परचे रिकामे वजन १०,९०० पौंड आणि कमाल अनुज्ञेय वजन १३,९९५ पौंड आहे. ट्रक वर्षाला सहा-सात हजार मैलांहून अधिक चालणार नाही. खर्चाची मर्यादा ४५,००० डॉलर आहे आणि ती ताणता येणार नाही. डिझेल घ्यायचे हे नक्की झाले आहे. फोर्ड, रॅम आणि शेवरोले-जीएमसी यांपैकी काय घ्यावे, एवढाच प्रश्न आहे. एक विनंती अशी की, स्वतःचा वाईट अनुभव सांगताना कंपनीचे किंवा गॅरेजचे नाव घेऊ नये. मागच्या धाग्याला त्यावरून कुलूप लागले होते.

सह्याद्री_टेक्सास
अभिनंदन! जुन्याच्या नादी लागू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. मी २०२४ ची जीएमसी सिएरा ३५०० घेतली, मागे चार चाके असलेली, म्हणजे ड्यूली. ६.६ लिटरचे ड्युरामॅक्स डिझेल इंजिन, ४७० अश्वशक्ती, दहा गिअर. मागे कॅम्पर जोडलेला आहे हे आरशात पाहिल्याशिवाय कळत नाही. आसने हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार होतात. ९२,००० डॉलर पडले, परंतु गेल्या वर्षभरात तेल बदलण्यापलीकडे एक पैसाही खर्च केलेला नाही. ४५,००० मध्ये तुम्हाला दुसऱ्या कोणाची तरी डोकेदुखीच मिळेल.

कमिन्सभक्त
वर्षभरात काही बिघडले नाही, यात ट्रकचे कौतुक ते काय? माझ्याकडे २००६ चा ५.९ लिटर कमिन्स इंजिनाचा डॉज, म्हणजे आताचा रॅम, आहे आणि त्याने ३,४०,००० मैल पूर्ण केले आहेत. सहा सिलिंडर एका ओळीत असल्यामुळे हात घालायला जागा मिळते, आणि मुख्य म्हणजे त्यावर काजळी गाळणारी गाळणीही नाही आणि डीईएफ या युरियाच्या द्रावणाचे बाटलीभर लाडही नाहीत. असा एखादा २०,००० च्या आत घ्यावा आणि उरलेले २५,००० बँकेत ठेवावेत. नवे इंजिन हवेच असेल तर ६.७ कमिन्स घ्या, पण २०२४ पर्यंतच्या २५०० मध्ये, म्हणजे हलक्या वर्गाच्या ट्रकमध्ये, त्याच्यासोबत येणारा गिअरबॉक्स इंजिनाच्या तोलाचा नाही. ३५०० या जड वर्गात २०१३ ते २०२४ या वर्षांत आयसिन कंपनीचा गिअरबॉक्स पर्याय म्हणून मिळत असे, तोच पाहावा.

आकडेमोड
इंजिनाचा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न कोणी विचारलेलाच नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आजचे कोणतेही मोठे डिझेल इंजिन तुमचा कॅम्पर ओढेल. अडचण ओढण्याची नसून पाठीवर घेण्याची आहे. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के भार ट्रकच्या हौद्यात येतो, त्याला पिन वेट म्हणतात. माहितीपत्रकातील रिकामे वजन विसरून जा, कारण त्यात पाणी नाही, गॅसच्या टाक्या भरलेल्या नाहीत आणि तुमचे कुकर-कढयाही नाहीत. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचे असते, म्हणजे साठ गॅलनची टाकी भरली की तेवढ्यानेच ५०० पौंड वाढतात. कॅम्पर प्रवासात १३,००० पौंडांचा होईल असे धरले, तर पिन वेट २,६०० ते ३,२५० पौंडांच्या दरम्यान येईल. त्यात हौद्यातील हिचचे, म्हणजे कॅम्पर जोडण्याच्या सांध्याचे, दीडशे पौंड, तुम्हा सहा जणांचे साडेआठशे आणि हत्यारे, शिदोरी वगैरेंचे शंभर मिळवा. चार हजारांच्या आसपास जाता.

आता चालकाचे दार उघडा. चौकटीवर पिवळ्या पट्ट्याचा एक पांढरा कागद चिकटवलेला असतो आणि प्रवासी व सामान मिळून किती पौंडांपेक्षा अधिक भार नसावा हे त्यावर लिहिलेले असते. तो आकडा त्या विशिष्ट ट्रकचा असतो. जाहिरातीतील आकडा सर्वांत हलक्या नमुन्याचा असतो. २५०० किंवा एफ-२५० चे एकूण अनुज्ञेय वजन बहुधा १०,००० पौंडांवर थांबवलेले असते, आणि डिझेल इंजिन स्वतःच जड असल्यामुळे चार दारांच्या, चारही चाकांना ओढ असलेल्या डिझेल ट्रकच्या त्या कागदावर पुष्कळदा जेमतेम दोन-अडीच हजारच उरतात. गुळगुळीत चामडी आसने आणि काचेचे छप्पर हेही त्याच आकड्यातून वजा होते. तेव्हा बोनेट उघडण्याआधी दार उघडावे. मागच्या आसाची स्वतंत्र मर्यादाही तिथेच शेजारी लिहिलेली असते.

पार्ल्याचा_बंड्या
एक दुरुस्ती सुचवतो. २५०० ला पाऊणटनी आणि ३५०० ला एकटनी म्हणतात ते जुन्या काळच्या भारक्षमतेवरून. अमेरिकन टन २,००० पौंडांचा असल्यामुळे पाऊण टन म्हणजे १,५०० पौंड होतात आणि आजचा पाऊणटनी ट्रक त्याहून जास्त वाहतो. त्यामुळे ही नावे आता निरर्थक आहेत, असे माझे मत आहे.

आकडेमोड
नावे निरर्थक आहेत म्हणूनच तर कागद वाचा म्हटले.

मिनियापोलिसकर
माझा अनुभव सांगतो, म्हणजे इतरांना शहाणपण येईल. डिझेल ट्रकला दोन झाकणे असतात. डिझेलचे वेगळे, आणि निळे झाकण असते ते डीईएफचे, म्हणजे धूर शुद्ध करण्यासाठी लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाचे. माझे साडू मदतीच्या उत्साहात पेट्रोल पंपावर उतरले आणि त्यांनी डीईएफचे अडीच गॅलनचे खोके डिझेलच्या टाकीत रिकामे केले. पुढे जे झाले ते अधिकच वाईट होते, कारण मी ट्रक सुरू केला. टाकी, पंप, नळ्या, इंजेक्टर असे सगळे बदलावे लागले आणि विमा कंपनीशी चार महिने पत्रव्यवहार चालला. साडूंनी अद्याप विषय काढलेला नाही. शिवाय डिझेल थंडीत गोठते. जानेवारीत उणे पंचवीसला माझ्या ट्रकच्या गाळणीत मेणासारखा थर जमला होता. थंडीचे मिश्रण वापरा आणि गाळणी जवळ बाळगा.

डॅलसवासी
आभारी आहे. आम्ही जूनमध्ये जाणार आहोत.

मिनियापोलिसकर
तरीही बाळगा.

ह्यूस्टनचा_नागपूरकर
वर्षाला सहा हजार मैलांसाठी पंचेचाळीस हजारांचा ट्रक, त्याचा विमा, कॅम्पर ठेवण्याचे भाडे आणि टायर! हाच हिशेब हॉटेलच्या खोल्यांमध्ये मांडला, तर आई-बाबा सहा महिने पंचतारांकित राहून पुण्याला परततील. कॅम्पर विकून टाका. आम्ही विकला आणि तेव्हापासून घरात शांतता आहे.

वऱ्हाडी_सिअ‍ॅटल
वरच्या सर्वांशी सहमत आहे, पण एक महत्त्वाचा मुद्दा राहिला. दाराच्या चौकटीवर एक कागद असतो, तो अवश्य वाचावा.

आणि सीपी४ या इंधनपंपाविषयी कोणीच कसे बोलले नाही? तो बॉशचा उच्च दाबाचा पंप आहे. तो आतून झिजून मोडला की धातूचा चुरा थेट इंजेक्टरांपर्यंत जातो आणि दुरुस्तीचा आकडा दहा हजार डॉलरच्या घरात पोहोचतो. फोर्डच्या ६.७ इंजिनावर २०११ पासून तोच पंप आहे, आणि ड्युरामॅक्सवर २०११ ते २०१६ या वर्षांत होता. २०१७ पासून ड्युरामॅक्सला डेन्सोचा पंप आला. रॅमने २०१९ आणि २०२० च्या ट्रकवर सीपी४ बसवला आणि नंतर ते ट्रक परत बोलावून जुन्या पद्धतीचा सीपी३ बसवून दिला. म्हणून ४५,००० मध्ये डिझेलच हवे असेल तर २०१७ किंवा त्यानंतरची ड्युरामॅक्स पाहावी. रॅम पाहत असाल तर ते काम झाल्याची पावती मागावी.

सह्याद्री_टेक्सास
मीही सुरुवातीला ड्युरामॅक्सच सांगितले होते. ड्यूली घ्या, म्हणजे त्या कागदाची चिंताच मिटेल.

आकडेमोड
ड्यूलीने भाराची चिंता खरोखरच मिटेल, परंतु परवान्याची सुरू होईल. टेक्सासमध्ये ट्रक आणि ट्रेलर यांचे एकत्रित अनुज्ञेय वजन २६,००० पौंडांच्या वर गेले आणि ट्रेलर १०,००० च्या वरचा असला, तर खाजगी वापरासाठीही अ वर्गाचा परवाना लागतो. ड्यूलीचे १४,००० आणि कॅम्परचे १३,९९५ मिळवले की २७,९९५ होतात. सह्याद्री, आपण ती परीक्षा दिलीच असेल.

सह्याद्री_टेक्सास
मला आजवर कोणी अडवलेले नाही.

मागची_काच
हौद्याच्या लांबीकडे लक्ष द्यावे. माझा ट्रक आखूड हौद्याचा आहे. कॅम्पग्राउंडमध्ये उलटा वळवताना कॅम्परचा कोपरा ट्रकच्या मागच्या काचेतून आत आला. मागे उभी राहून हाताने "येऊ दे, येऊ दे" असे खुणावणारी व्यक्ती माझी पत्नी होती, त्यामुळे दोष कोणाचा हा प्रश्न खुलाच राहिला. आठ फुटी हौदा घ्या किंवा मागे सरकणारा हिच घ्या. आणि जुन्या कॅम्परच्या टायरवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात ते पाहा. २३१६ असे असेल तर तो टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी कितीही कोरी दिसली तरी तो बदला.

डॅलसवासी
आपण सांगितल्याप्रमाणे मी कॅम्परचे टायर पाहिले. चारपैकी तिघांवर ३८१५ आहे. त्यांचे बाराशे डॉलर आधीच बाजूला काढले, म्हणजे ट्रकसाठी ४३,८०० उरले.

शनिवारी आई-बाबांना बरोबर घेऊन पाच ट्रक पाहिले आणि प्रत्येकाच्या दाराचा फोटो काढला. डिझेल २५०० च्या कागदावर १,९८० पौंड होते. ३५०० च्या दोन साध्या डिझेल ट्रकांवर, म्हणजे मागे दोनच चाके असलेल्यांवर, ३,४६० आणि ३,६९० होते. ड्यूलीवर पाच हजारांच्या वर होते, परंतु तो ट्रक उंच केलेला होता. आईने दांडीला धरून पाय उचलून पाहिला आणि मग माझ्याकडे नुसते पाहिले. विक्रेता आतून दुधाच्या बाटल्यांचा प्लास्टिकचा क्रेट घेऊन आला आणि त्याने तो पायरीखाली मांडला. आई त्यावर चढून आत बसली आणि म्हणाली, "प्रत्येक पंपावर हा क्रेट काढून देणार का तू मला?"

दुसरी गोष्ट माझ्या पत्नीच्या लक्षात आली. चारही डिझेल ट्रकांमध्ये पुढच्या दोन आसनांच्या मध्ये मोठी पेटी होती. म्हणजे बसणारे पाचच, आणि आम्ही सहा जण आहोत. हे मी पहिल्याच ओळींत लिहिले होते, पण खुद्द माझ्याही ध्यानात आले नव्हते.

कमिन्सभक्त
माझ्या २००६ च्या डॉजमध्ये पुढे सलग बाक आहे.

लिटलटनचे_काका
मी डेन्व्हरजवळ राहतो आणि आय-७० महामार्गावरून बारा वर्षे ट्रेलर नेत आहे, म्हणून चढापेक्षा उताराविषयी लिहितो. त्यावरील आयझेनहॉवर बोगद्याचे पश्चिम तोंड ११,१५८ फुटांवर आहे आणि तिथून सिल्व्हरथॉर्नपर्यंत रस्ता सात टक्क्यांच्या आसपास उतरतो. डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक असतो, म्हणजे धुराची वाट रोखून इंजिनच वेग आवरते. तो लावला की चौदा हजार पौंड मागून ढकलत असतानाही पायाखालच्या ब्रेकला क्वचितच हात लावावा लागतो, म्हणजे पाय लावावा लागतो. शिवाय टर्बोमुळे विरळ हवेत डिझेलची ताकद फारशी घटत नाही. साध्या पेट्रोल इंजिनाची दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के घटते, म्हणजे बोगद्यापाशी जवळजवळ एक तृतीयांश गेलेली असते. डॅलसच्या सपाटीवरून हे समजणार नाही. डिझेलच घ्या.

वऱ्हाडी_सिअ‍ॅटल
सहमत. डिझेलच.

मिनियापोलिसकर
डिझेलच, परंतु साडू बरोबर नसावेत.

डॅलसवासी
सर्वांचे आभार. काल ट्रक घरी आला. तो डिझेल नाही, हे आधीच सांगून टाकतो.

२०२१ ची फोर्ड एफ-३५०, ७.३ लिटर पेट्रोल, मागे दोनच चाके, आठ फुटी हौदा, ४.३० गिअर गुणोत्तराचा मागचा आस, ७८,००० मैल, ४१,६०० डॉलर. ओढ फक्त मागच्या चाकांना आहे, म्हणून ट्रक थोडा बुटका आहे आणि आई पायरीवरून क्रेटशिवाय चढते. पुढे कापडी बाक आहे, त्यामुळे सहा जण बसतात. दाराच्या कागदावर ४,२१० पौंड आहेत आणि कॅम्परसह अनुज्ञेय वजन २६,००० च्या आत राहते. गेली दोन वर्षे आमची गाडी बहुतेक वेळा शाळा, दुकान आणि मंदिर एवढीच फिरते. अशा आखूड फेऱ्यांमध्ये डिझेलची काजळीची गाळणी पुरेशी तापत नाही आणि तुंबत जाते, हे दोन मेकॅनिकांनी वेगवेगळे सांगितले. चढावर इंजिन ओरडेल आणि गॅलनला सात-आठ मैलच मिळतील, हे मान्य करून घेतला आहे.

सह्याद्री_टेक्सास
दोन वर्षांनी विकायला काढाल तेव्हा ही चर्चा पुन्हा वाचा.

कमिन्सभक्त
पेट्रोल आणि तेही दोन चाकांची ओढ! ओल्या गवतावर कॅम्पर लावलात तर ट्रॅक्टरवाल्याचा नंबर जवळ ठेवा.

आकडेमोड
४,२१० मधून चार हजार वजा केले तर दोनशे उरतात. पहिल्या प्रवासाआधी सर्व सामान व सर्व माणसे भरून महामार्गावरील ट्रकच्या वजनकाट्यावर जा आणि प्रत्येक आसाचे वजन वेगळे घ्या. पाण्याची टाकी तोवर रिकामी ठेवा.

लिटलटनचे_काका
घेतलाच आहे तर उताराचे नीट ऐकून ठेवा. बोगद्यातून बाहेर पडण्याआधीच टो-हॉल मोड, म्हणजे ओझे ओढतानाची गिअरची व्यवस्था, चालू करा आणि गिअर खाली घ्या. इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर किंचाळले तरी घाबरू नका, पेट्रोल इंजिनाचा ब्रेक तोच आहे. ब्रेक सतत दाबून धरू नका. वेग ताशी पाच मैलांनी कमी होईपर्यंत दाबा आणि सोडा. कॅम्परच्या ब्रेकचा नियंत्रक डॅलसमध्येच रिकाम्या मैदानात जुळवून घ्या. निघालात की कळवा. खाली सिल्व्हरथॉर्नला उजव्या हाताला पस्तीस फुटी गाडी उभी राहील असा एक थांबा आहे, मी चहाचा थर्मास घेऊन येतो. आईंना गुडघ्याचा त्रास असेल तर घडीची खुर्चीही आणतो.