गाडीवरचे टवके आणि चरे: तुमचे अनुभव लिहा

पाऊस तोंडावर आलाय. पत्र्यावरचे टवके बुजवून घ्यायची हीच वेळ. गॅरेजमध्ये गेलं की बहुतेकदा अख्खं पॅनल रंगवायला सांगतात. पण लहान टवक्याला त्याची गरज नसते, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही काय लावलं, पावसाळ्यानंतर ते टिकलं का, सविस्तर लिहा.

सुरुवात मी करतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर नेहमीचं जाणं-येणं, त्यामुळे खडी उडून बॉनेटच्या पुढच्या कडेला टवके पडतातच. मी आधी चऱ्यावरून नख फिरवतो. अडकलं नाही, तर चरा क्लिअर कोटपुरताच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापुरताच असतो. रबिंग कंपाउंडने (घासून गुळगुळीत करायच्या पेस्टने) तो बराचसा जातो, आणि राहिला तरी तिथे गंज धरत नाही. आत चकाकता पत्रा दिसला, तर मात्र दिरंगाई नको. सगळे थर धरून कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, त्यामुळे बारीकसा खडासुद्धा पत्र्यापर्यंत पोचतो.

रत्नागिरीहून:
आमच्याकडे खारी हवा. उघडा पत्रा तांबूस व्हायला वेळ लागत नाही, आणि गंज आजूबाजूच्या रंगाखाली सरकत जातो. मग फुगवटा येऊन पोपडा सुटतो. म्हणून आधी गंज पूर्ण खरवडायचा, नुसता वर रंग फासायचा नाही. वॉटर पेपरची बारीक घडी करून फक्त टवक्याच्या आत घासायचं, मेण-तेल स्पिरिटने पुसायचं, मग प्रायमर. टच-अपच्या बाटलीतला ब्रश फार जाड असतो. मी टूथपिकच्या टोकाने एकेक थेंब सोडते. रंग वाळताना आक्रसतो, त्यामुळे पातळ थर वाळू देत देत चढवायचे. शेवटी क्लिअर कोट, आणि तो नीट कडक झाल्यावर २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून हलक्या हाताने सपाट करायचं. दमट दिवशी क्लिअर कोटला हात लावू नका, दुधाळ पडतो. इथे त्यासाठी कोरडा दिवस गाठावा लागतो.

नागपूरहून:
आमची अडचण उलटी. उन्हात तापलेल्या बॉनेटवर रंग पसरायच्या आतच सुकतो. सकाळी सावलीत करा.

ठाण्याहून:
सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणीतरी दारावर लांब चरा ओढून गेलं. मेटॅलिक सिल्व्हर. कलर कोड गाडीवरच्या प्लेटवरून बघून अचूक मागवला, तरी टच-अपची रेघ गडद दिसते. ब्रशने लावताना चांदीचे कण स्प्रेसारखे बसत नाहीत. ठिपक्याला चालतं, लांब चऱ्याला नाही. शेवटी पेंटरकडून दार करून घेतलं, शेड शेजारच्या पॅनलवर विरवून. विम्याचा क्लेम केला नाही. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेज प्रीमियमवर (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर) ५० टक्के एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनसची सूट मिळते, ती एका दारासाठी का घालवायची?

टोरोंटोहून:
इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणजे रत्नागिरीचाच त्रास. दाराखालची पट्टी आणि चाकांच्या कमानी थंडीआधी तपासते. रंग जुळला नाही तरी चालेल, पत्रा झाकला गेला पाहिजे.

सांगलीहून:
बंपरच्या चऱ्यांची घाई करू नका. तो प्लास्टिकचा, गंजत नाही. रंगवायचाच असेल तर प्लास्टिकचा वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर सालं निघतात. रत्नागिरीकर ताई, पोपडा सुटून पत्र्याला भोक पडलं असेल तर तिथे टच-अप लावता, की थेट पत्रा कापून वेल्डिंग? माझ्या मागच्या दाराची खालची कड तशी झालीय.