मदत हवी आहे: क्षमेच्या अभ्यासात बायबलमधलं मत्तय 18 कसं शिकवायचं?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. लेंटमध्ये (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात) परळच्या मराठी प्रार्थना गटासाठी क्षमेवर चार शुक्रवारांचा अभ्यास बसवायचा आहे. निर्दय चाकराच्या दाखल्याची काळजी नाही: राजाने त्याचं प्रचंड कर्ज माफ केलं, पण त्याने सोबत्याचं छोटं कर्ज सोडलं नाही. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. माफ झालेले 10,000 तालांत म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी; चाकर वसूल करायला निघाला ती 100 दिवसांची. हिशोब फळ्यावर मांडला की काम होतं.

अडचण वचन 15 ते 17 ची. कुणी अपराध केला तर आधी त्याच्याशी एकांतात बोला, ऐकलं नाही तर एक-दोन साक्षीदार न्या, मग मंडळीला सांगा. भावाभावांच्या खोलीच्या वादात हे चालतं. पण मारहाण करणाऱ्या नवऱ्याला एकांतात गाठ, असं कुणा बहिणीला सांगणं धोक्याचं. तिथे आधी 112 वर तातडीची मदत, मग 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी. क्षमा एकतर्फी करता येते, समेटाला समोरच्याचा पश्चात्ताप लागतो (लूक 17:3). घाईने 'माफ केलं' वदवून घेतलं की राग नुसता दबतो, आणि नेमका प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारी उसळतो.

पण कुणीतरी वडीलधारे 'सत्तर वेळा सात' (किती वेळा क्षमा करावी यावर येशूचं उत्तर, वचन 22) म्हणत अशा बहिणीला परत नांदायला पाठवा म्हणतातच. त्यांना वचनातूनच, अपमान न करता उत्तर कसं देता? आणि हा भाग स्त्री-पुरुषांना एकत्र घ्यावा की वेगळा? पाळक किंवा समुपदेशक असाल तर जरूर लिहा.