हंबकर बदलताय? मग ‘हॉट’ पिकअपचा हट्ट सोडा

विश्रामबाग_सहातारा (धागाकर्ता)

गणपतीचा ऑर्केस्ट्रा असो, कॉलेजचं गॅदरिंग असो की कुणाच्या गच्चीवरची प्रॅक्टिस, सांगलीत सगळीकडे एकच सल्ला ऐकू येतो: “गिटार बसकी वाजतेय ना, मग ब्रिजला हॉट पिकअप टाक.” पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं चुंबक आणि कॉइल, जे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलतं. ब्रिजजवळचा तो ब्रिजचा; हॉट म्हणजे जास्त वेढ्यांचा, जोरदार सिग्नल देणारा. मला हा सल्ला पटत नाही. माझं म्हणणं उलट आहे. बदलायचाच असेल तर कमी ताकदीचा, जुन्या पद्धतीचा हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, घ्यावा.

आधी थोडं मागचं. गिब्सन या गिटार कंपनीत सेठ लव्हर यांनी १९५५ साली हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन कॉइल, वेढे एकमेकांच्या उलट आणि चुंबकाची दिशाही उलट. त्यामुळे तारांचा आवाज बेरजेत येतो आणि विजेची घरघर वजाबाकीत जाते. १९५७ पासून हे पिकअप गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर बसू लागले. पेटंट मिळायचं होतं म्हणून खाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी चिठ्ठी असायची, त्यावरून पीएएफ हे नाव पडलं. त्यांचा रोध साधारण ७ ते ९ किलोओहम आणि चुंबक अल्निको, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट. पुढे १९७२ साली डिमार्झिओ कंपनीने सिरॅमिक चुंबकाचा सुपर डिस्टॉर्शन हा पिकअप काढला. त्या काळी तो हवाच होता, कारण अँपमध्ये गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) कमी आणि आवाज फुटून डिस्टॉर्शन यायचं तर गिटारकडूनच जोरदार सिग्नल जावा लागे.

आज आपल्या पायाखाली प्रोसेसर असतो, नाहीतर निदान दोन पेडल असतात. गेनचा तुटवडा कुणाला आहे? तुटवडा आहे तो स्पष्टपणाचा. डिस्टॉर्शन लावून पूर्ण कॉर्ड मारला तरी त्यातला प्रत्येक सूर वेगळा ऐकू यावा, बोट हलकं पडलं की आवाज हलका व्हावा, व्हॉल्यूम थोडा मागे घेतला की क्लीन मिळावं. वेढे वाढवले की नेमकं हेच कमी होतं.

त्यामागचं गणितही सोपं आहे. पीएएफसारख्या पिकअपचं इंडक्टन्स (वेढे वाढले की वाढणारा कॉइलचा गुण) साधारण साडेचार हेन्री. केबल आणि वायरिंगची कपॅसिटन्स ६०० पिकोफॅरड धरली तर आवाजाचं शिखर, म्हणजे पिकअप सर्वांत ठळक देतो ती वारंवारता, ३ किलोहर्ट्झच्या आसपास येतं. ८ हेन्रीच्या गरम, म्हणजे हॉट, पिकअपमध्ये तेच सव्वादोनवर घसरतं. गिटार बँडमधून उठून दिसते ती याच मधल्या पट्ट्यात.

आणि कृपा करून रोधाचा आकडा बघून ताकद ठरवू नका. सिमोर डंकन कंपनीच्या जेबी या हॉट पिकअपचा रोध १६ किलोओहमच्या वर आहे म्हणून तो पीएएफच्या दुप्पट जोराचा होत नाही. त्याची तार ४४ गेजची. तेवढ्याच लांबीच्या ४२ गेजच्या तारेपेक्षा तिचा रोध सुमारे १.६ पट असतो. आकड्यातला बराचसा फरक तारेच्या बारीकपणाचाच आहे.

माझी निवड सांगतो. अँप मुळातच कर्कश असेल तर अल्निको २, मंद असेल तर अल्निको ५. ब्रिजला ८ किलोओहमच्या आसपासचा, नेकला, म्हणजे गिटारच्या मानेजवळच्या जागी, त्याहून थोडा कमी.

माधवनगर_ड्रॉपसी

अजिबात सहमत नाही. तुम्ही ब्लूज आणि जुनी गाणी डोळ्यांसमोर ठेवून नियम सांगताय. आम्ही तारा सी सुरापर्यंत उतरवतो (ड्रॉप सी ट्यूनिंग), तळहाताने दाबून जलद वाजवतो. तिथे अल्निको २ लावला की खालची तार सैल, फुगलेली वाटते. सिरॅमिकचा हंबकर तीच तार आवळून देतो, प्रत्येक ठोका सुटा येतो. स्पष्टपणा म्हणजे फक्त वरचा उजेड नव्हे, खालची शिस्तसुद्धा स्पष्टपणाच आहे.

दुसरं, गोंगाट. मंडळाच्या स्टेजवर जनरेटर, शेजारी लाइटचे डिमर, मिक्सरपर्यंत लांबच लांब वायरी. गिटारमधून क्षीण सिग्नल निघाला तर वाटेत शिरणारा गोंगाट त्याच्या तुलनेत मोठा होतो, आणि पुढे गेन दिला की तोही सिग्नलबरोबर वाढतो. उगमालाच जोर असला तर फायदा आहे. प्रोसेसरमध्ये गेन मिळतो हे खरं, पण तो गोंगाटासकट मिळतो.

विश्रामबाग_सहातारा (धागाकर्ता)

ड्रॉप सीचा मुद्दा मान्य, तिथे सिरॅमिकला खरंच जागा आहे. पण आपल्याकडे किती जण त्या ट्यूनिंगला वाजवतात? सल्ला मात्र सगळ्यांना सरसकट दिला जातो. आणि खालची तार आवळायला डिस्टॉर्शनच्या आधी बेस कमी करता येतो. मंद पिकअपने एकदा वरचा पट्टा गिळला की तो इक्वलायझरने ओढून आणताना फुसफुसही सोबत येते. गोंगाटाची भीती तुम्हाला आहे ना, मग ही बाजूही मोजा.

कुपवाड_सोल्डर

दोघंही पिकअपवर एकदम उडी मारताय. गिटार दुरुस्तीला येतात त्यांतल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी पिकअपचा दोष नसतो असं माझं ठाम मत आहे. हंबकर विकत घेण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा. सगळं मिळून एका संध्याकाळचं काम आहे.

पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप आणि तारेतलं अंतर बघा. ब्रिजला २ मिलिमीटरच्या आसपास आणि नेकला त्याहून थोडं जास्त ठेवून सुरुवात करा. बहुतेकांनी जोर मिळावा म्हणून स्क्रू पिळून पिकअप तारांना भिडवलेला असतो. मग आवाज घोगरा होतो आणि जाड तारा बारीक तारांना झाकून टाकतात. नेकचा पिकअप जरा खाली घेतला तरी कित्येकांची ‘चिखल’ ही तक्रार मिटते. हंबकरच्या एका कॉइलमधले स्क्रूही तारेगणिक वरखाली होतात, त्यांना लोक हातच लावत नाहीत.

मग पॉट, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे बदलते रोध. हंबकरला ५०० किलोओहमचे पॉट लागतात. स्वस्त गिटारमध्ये कधी २५० चे निघतात, आणि ५०० लिहिलेला पॉटही २० टक्के इकडेतिकडे असतो, म्हणजे ४०० ते ६०० काहीही. मीटर लावून मोजा. सिग्नलला व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही पॉटचा भार पडतो. तो भार जास्त असेल तर हजारोंचा पिकअपसुद्धा मंदच वाजणार.

केबल. धागाकर्त्याने ६०० पिकोफॅरड धरले, ते घरच्या छोट्या केबलला ठीक. स्टेजवर १० मीटरची केबल ओढली की बाराशेच्या आसपास जाऊ शकते. मग तुमच्या साडेचार हेन्रीच्या पीएएफचं शिखरही सव्वादोन किलोहर्ट्झच्या खाली येतं. पिकअप कमी ताकदीचा घेतला आणि केबल दहा मीटरची लावली, तर मिळवलेलं सगळं वायरीत गेलं.

आणि अर्थिंग. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत नाही, पण जॅकच्या धातूला लावल्यावर होते, असं असेल तर ब्रिजची अर्थची वायर सुटलेली आहे. ती घरघर जगातला कुठलाही हंबकर घालवणार नाही. माधवनगरवाल्यांनी आधी हे बघावं. डिमरचा गोंगाट बराचसा उघड्या वायरिंगमधून शिरतो, आत तांब्याची पट्टी लावून शिल्डिंग केलं की खूप फरक पडतो.

मिरज_तंबोरा

मी गिटारवाला नाही, पण घरात तंतुवाद्यं आहेत म्हणून लिहितो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथला कारागीर आवाज बिघडला की आधी जवारी बघतो, म्हणजे तार घोडीवर कुठे आणि कशी टेकते ते. गिटारमध्येही तार नटवर (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि ब्रिजवर टेकते. नटची खाच नीट कापलेली नसेल, सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) झिजलेलं असेल, तर तारेचं कंपनच अर्धवट असणार. चुंबक तेच कंपन टिपणार ना? मग आधी तिथे खर्च करा. जुन्या गंजलेल्या तारांवर पिकअपची परीक्षा घेणं तर मला अन्यायाचंच वाटतं.

विश्रामबाग_सहातारा (धागाकर्ता)

सोल्डरदादा, तुमचा क्रम मला मान्य आहे, उंची आणि पॉट आधीच. नवा पिकअप बसवताना ५०० चे चांगले पॉट लावावेत हेही त्यातच आलं. पण एवढं सगळं करूनही जुना पिकअप मंद तो मंदच राहतो, अशा गिटार आहेत, माझी त्यांतलीच. केबलचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. मोठी केबल वापरावीच लागत असेल तर ८ हेन्रीचा पिकअप घेऊन आणखी खाली कशाला जायचं?

तंबोरावाल्या काकांनाही नमस्कार. नट-ब्रिज महत्त्वाचेच. पण तंबोऱ्यात जवारी आणि भोपळा मिळून आवाज श्रोत्यापर्यंत नेतात. इलेक्ट्रिक गिटारमध्ये श्रोत्यापर्यंत जातं ते पिकअपने टिपलेलंच. तार उत्तम झाली तरी पुढचा दरवाजा अरुंद असून कसं चालेल?

गावभाग_ऑर्केस्ट्रा

लग्नाच्या सुपाऱ्यांवर पोट असलेल्याचं मत घ्या. एका कार्यक्रमात लावणीपासून रॉकपर्यंत सगळं येतं. मला एकाच गिटारमधून हंबकर आणि सिंगल कॉइल दोन्ही हवेत. म्हणून चार वायरींचा हंबकर आणि पुश-पुल पॉट, म्हणजे ओढलं की स्विच होणारं बटण. एक कॉइल बंद करून पीएएफसारखा पिकअप वाजवून बघा. राहतं काय, चार किलोओहमची एकुलती कॉइल, पातळ आणि दुबळी. गाण्याच्या मध्येच स्विच केलं तर लोकांना वाटतं गिटार बंद पडली. जेबीसारखा गरम पिकअप अर्धा केला तरी अंगात जोर राहतो. धागाकर्त्यांच्या सल्ल्यात आमची सोय कुठेच नाही.

विश्रामबाग_सहातारा (धागाकर्ता)

हा आतापर्यंतचा सगळ्यात वजनदार आक्षेप. त्यावर माझं उत्तर: कॉइल बंद करू नका, दोन्ही कॉइल पॅरलल (समांतर) जोडा. वायरी त्याच चार, पुश-पुलही तोच. आवाज सिंगल कॉइलच्या जवळ जाणारा, मोकळा येतो आणि घरघरही रद्दच राहते. तुमच्या अर्ध्या पिकअपमध्ये ती परत येते, आणि मंगल कार्यालयातल्या लाइटिंगखाली तुम्हाला ते चालतं का?

गावभाग_ऑर्केस्ट्रा

पॅरललमध्येही आवाज पडतोच. घरघर नाही हे कबूल, पण मला मधल्या गाण्यात प्रोसेसरवर पाय मारून व्हॉल्यूम वाढवायला वेळ नसतो. मी जेबीवरच राहणार.

अजिंक्यतारा_पायथा

साताऱ्याहून. बजेट कमी असेल तर पिकअप न बदलता चुंबक बदला. स्वस्त हंबकरमध्ये बऱ्याचदा सिरॅमिकच असतो. खालचे चार स्क्रू सैल करून तो सरकवून काढायचा आणि अल्निको ५ घालायचा. दिशा मात्र तीच ठेवा, काढण्याआधी होकायंत्राने खूण करा. उलटा बसला तर दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर आवाज नाकातून आल्यासारखा पोकळ होतो. पिकअप शिट्टी मारत असेल तर मेणात बुडवता येतो, पण मेण ६५ अंशांच्या वर नेऊ नका, प्लास्टिकची बॉबिन वाकते.

मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून कॉइल वळवून घ्या असंही कुणीतरी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. ४२ गेजची तार जेमतेम ०.०६३ मिलिमीटरची असते. मोटारीच्या तारेच्या ताणाने ती लगेच तुटते. त्या वाटेला जाऊ नका.

नवशिका_बुधगाव

माझ्या गिटारला हलणारा ब्रिज आहे, हात लावला की थरथरतो. त्याला कुठलाही हंबकर चालेल का?

कुपवाड_सोल्डर

ब्रिजजवळ पहिल्या आणि सहाव्या तारेमधलं अंतर पट्टीने मोजून बघा. ५३ मिलिमीटरच्या आसपास असेल तर ब्रिजसाठी रुंद अंतराचा पिकअप मागवा, दुकानदार त्याला एफ-स्पेस म्हणतात. ४९-५० असेल तर साधा चालेल. नेकला साधाच घ्या.

सोल्डरिंग स्वतः करणार असाल तर वायरींच्या रंगांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सिमोर डंकनमध्ये काळी वायर सिग्नलची आणि लाल-पांढरी एकत्र जोडायची. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची आणि काळी-पांढरी एकत्र. हिरवी दोन्हीकडे अर्थला जाते. जुने पिकअप फेकू नका, आणि काढण्याआधी आतल्या वायरिंगचा फोटो काढून ठेवा.

माधवनगर_ड्रॉपसी

धागाकर्ते, वाद लिहून मिटणार नाही. तुमचा अल्निको आणि माझा सिरॅमिक एकाच अँपवर, एकाच छोट्या केबलने, नव्या तारा लावून ऐकू. उंची सोल्डरदादांनी मोजावी. फक्त ट्यूनिंग मी ठरवणार.

विश्रामबाग_सहातारा (धागाकर्ता)

अर्धा वेळ तुमचं ट्यूनिंग, अर्धा वेळ साधं. आणि क्लीनवरही वाजवायचं. तयार असाल तर रविवारी या.