मे महिन्यात दक्षिण आफ्रिका, सोबत दहावी झालेला मुलगा: आखणी तपासून द्या

चिपळूणचा_पाऊस (प्रश्न)
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं आणि सोळा वर्षांचा मुलगा. मार्चमध्ये त्याची दहावी संपेल. निकाल आणि अकरावीच्या प्रवेशाची धावपळ सुरू व्हायच्या आत, मेच्या पहिल्या पंधरवड्यात १२ दिवस जायचा बेत आहे. ढोबळ आखणी अशी: जोहान्सबर्गला उतरून लगेच भाड्याची गाडी घ्यायची, क्रुगर राष्ट्रीय उद्यान २ रात्री, व्हिक्टोरिया फॉल्स २ रात्री, मग विमानाने केप टाऊन. मुलाला बंजी उडी आणि शार्क हवेत, आम्हाला जनावरं. मलेरियाच्या गोळ्या लागतात का? मुलाचे कागद कोणते? आणि सोबत हापूस नेता येईल का?

खाडीकाठ
व्हिक्टोरिया फॉल्स सरळ काढा आणि त्या दोन रात्री क्रुगरला द्या. तिथल्या झांबेझी नदीला सगळ्यात जास्त पाणी एप्रिलच्या आसपास असतं आणि मेमध्येही धबधबा भरलेलाच असतो. समोर उभं राहिलं तरी तुषारांपलीकडचं फारसं दिसत नाही. भर जुलैत आंबोलीला जाणाऱ्या माणसाने त्यासाठी आणखी एक व्हिसा आणि दोन विमानं कशाला करायची? तिथून परत यायचं तर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसाही एकाहून जास्त प्रवेशांचा लागतो. मुलांना हवा असतो तो कड्यावरचा डेव्हिल्स पूल पाणी उतरल्यावर, साधारण ऑगस्टच्या मध्यानंतर उघडतो.

आता क्रुगर. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्यात ठेवले तरी जागा उरेल. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५० किमी, मातीच्या रस्त्यावर ४०. पण थांबत, बघत जाताना सरासरी २०-२५ च्या वर जात नाही. स्कुकुझा ते लोअर साबी (दोन्ही मुक्कामाचे कॅम्प) हा साबी नदीकाठचा रस्ता ४५ किमीच्या आसपास आहे आणि त्याला अख्खी सकाळ लागते. नकाशावर अंतर बघून दिवसाला दीडशे किलोमीटर आखले की लोक नुसती गाडी हाकत बसतात. दोन रात्री लोअर साबी, दोन रात्री सातारा (हो, तिथल्या कॅम्पचं नावही सातारा!) एवढं पुरे. लोअर साबीजवळच्या सनसेट डॅमवर गाडी बंद करून तासभर बसा, पाणघोडे आणि मगरी हमखास. साताऱ्याकडे मोकळं गवत आहे, सिंहासाठी तोच भाग चांगला. मेमध्ये गेट सकाळी ६ ला उघडतं, संध्याकाळी ५.३० ला बंद. उशीर झाला तर दंड. मुक्कामाच्या खोल्यांचं बुकिंग साधारण ११ महिने आधी सुरू होतं आणि नदीकाठच्या खोल्या आधी जातात.

रात्रभर विमानात बसून आल्यावर त्याच दिवशी ४०० किमी हाकू नका. मेमध्ये सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो, आणि अंधारात रस्त्यावर गुरं आणि खड्डे. पहिली रात्र विमानतळाजवळच काढा.

मुलासाठी: कॅम्पवरून बंदूकधारी रक्षकांसोबत पहाटेची पायी फेरी निघते, १२ वर्षांखालच्यांना घेत नाहीत. तुमचा सोळाचा, म्हणजे चालेल. गाडीत बसून कंटाळणारी पोरं इथे शुद्धीवर येतात. त्याला स्वतःची वेगळी दुर्बीण द्या, ८×३२ किंवा ८×४२. एकच दुर्बीण तिघांत फिरवली की जनावर निघून जातं. स्वागतकक्षाजवळ कुठे काय दिसलं ते दाखवणारा नकाशा टांगलेला असतो. तो बघून उद्याचा रस्ता ठरवायचं काम त्याच्याकडेच सोपवा.

दाभोळ_बंदर
कागदांपासून सुरुवात करा. मुलाच्या जन्मदाखल्यावर आई-वडील दोघांची नावं हवीत. आपल्याकडच्या घोळाच्या जागा दोन. ग्रामपंचायतीच्या जुन्या दाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो, आणि आईचं नाव कधी माहेरचं, कधी सासरचं पडलेलं असतं. पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवून बघा. रकाना कोरा असेल तर निबंधकाकडून नाव घालून घ्या, आईचं नाव वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्र लागतं. हे जानेवारीतच उरका. दोघांपैकी एकच पालक जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्रही लागतं. पासपोर्टमध्ये किमान २ कोरी पानं ठेवा.

विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर पीतज्वराच्या लसीकडे लक्ष द्या. तिथे १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका दाखला मागते. लस घेतल्यावर १० दिवसांनी तो लागू होतो, आणि मग जन्मभर चालतो.

गाडीसाठी आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढा. तिथे गाडी डावीकडूनच चालते, त्याची काळजी नको. अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड मात्र चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. नवऱ्याच्या नावावर गाडी आणि कार्ड बायकोचं, असं झालं की काउंटरवर अडकलात. विम्यात टायर आणि काच वेगळी घ्या.

देवगडवाली
हापूस नाही. ताजी फळं परवान्याशिवाय नेता येत नाहीत, पेटी विमानतळावरच जाईल. डाळ-तांदूळ तिथल्या दुकानात मिळतात, मसाले बंद पाकिटातले न्या. क्रुगरच्या बऱ्याच खोल्यांना फ्रिज आणि शेगडी असते. फ्रिज पुष्कळदा ओट्यावर जाळीत असतो, त्याची कडी आठवणीने लावा. तिथले बबून आपल्या वांदरांचे थोरले भाऊ. बिल्टाँग (तिथलं सुकं मांस) बहुधा गाईचं असतं, खात नसाल तर वाचून घ्या.

गोळ्यांबद्दल: क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं, आणि ऑक्टोबर ते मे धोका जास्त. तिथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, त्यावर क्लोरोक्विन चालत नाही. म्हणून 'घरात उरलेल्या गोळ्या' कामाच्या नाहीत. डॉक्टर बहुधा अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सिसायक्लिन देतात. दोन्ही जायच्या १-२ दिवस आधी सुरू होतात. पहिली त्या पट्ट्यातून निघाल्यावर ७ दिवस, दुसरी ४ आठवडे. घोटाळा होतो तो इथे: घरी आलं की माणसं गोळी सोडतात. डॉक्सीने ऊन पटकन भाजतं. गोळ्या चालू असल्या तरी संध्याकाळी पूर्ण बाह्या आणि डासांचं मलम हवंच. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेचं आधी सांगा.

चिपळूणचा_पाऊस
फॉल्स काढला. मग केप टाऊन ५ रात्री ठेवू का?

रापणकर
ठेवा, पण तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि मे म्हणजे तिथल्या पावसाळ्याचं तोंड. माझं मत विचाराल तर मे महिन्यात ४ रात्री पुरेत, पाचवीही क्रुगरला. टेबल माउंटनची केबल कार वाऱ्यामुळे बंद पडते, म्हणून पहिल्या स्वच्छ दिवशी आधी तीच करा. बोल्डर्स बीचचे पेंग्विन नंतरही तिथेच असतात.

बंजीचा प्रसिद्ध पूल ब्लौक्रान्सचा, २१६ मीटर उंच. पण तो केप टाऊनपासून साडेपाचशे किलोमीटरवर आहे. या आखणीत बसत नाही, मुलाला आत्ताच सांगून टाका. शार्क बसतात: गान्सबाय दोन तासांवर. पाण्यात सोडलेल्या पिंजऱ्यातून शार्क बघायला पोहणं लागत नाही, मात्र २०१७ च्या सुमारास ओर्का (शार्क मारणारे देवमासे) आल्यापासून मोठे पांढरे शार्क तिथे क्वचित दिसतात, आता बहुतेक ब्राँझ व्हेलर जातीचे शार्क. पाणी गार. होडीत वाढलेल्यालाही नांगर टाकून डुलणाऱ्या बोटीत मळमळतं, गोळी तासभर आधी घ्यायची.

खाडीकाठ
राहिलंच. कोकणातल्या घरात नसतात ते गरम कपडे घ्या: टोपी, हातमोजे, जाकीट. पहाटे सफारीच्या उघड्या जीपमध्ये वारा हाडात शिरतो. आणि तिथला प्लग म्हणजे आपल्या गीझरचा मोठा तीन पिनांचा, १५-१६ अँपिअरचा. तसला प्लग बसवलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड घरूनच न्या, तिघांचे फोन त्यावर होतील.