सेकंडहँड स्पोर्ट्स कारला मोठी चाकं नकोत, ट्रिम मात्र खुशाल बदला

गिरगावचा गडी
माझ्या मित्राने नुकतीच दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी घेतली, म्हणजे २००६ ते २०१४ मध्ये बनत होती ती. इंजिन ठणठणीत आहे. पण १८ इंची चाकांच्या कडा स्टॅक पार्किंगच्या पत्र्याला घासून खरवडल्यात आणि ग्रिलची चौकट डागाळलीय. आता त्याने १९ इंची चाकं आणि सगळी ट्रिम (चौकटी, पट्ट्या, कड्या असे शोभेचे भाग) काळी, असं डोक्यात घेतलंय. आमचं त्यावरून चांगलंच वाजलं, म्हणून इथे मांडतोय.

चाकांना माझा ठाम विरोध आहे. या गाडीला १८ इंचात २४५/४० चा टायर येतो, म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर आणि साइडवॉल (टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची) तिच्या ४० टक्के, ९८ मिलिमीटर. १९ वर गेलात की २४५/३५ घ्यावा लागतो आणि साइडवॉल ८६ वर येते. बारा मिलिमीटरने काय होतंय, असं वाटेल. पण जुलैत पेव्हर ब्लॉक उखडलेल्या जागी चाक आपटतं, तेव्हा रिम आणि रस्ता यांच्यामध्ये तेवढंच रबर असतं. मुंबईत रोज चालवायची गाडी असेल तर मोठी चाकं नकोत.

ट्रिमचं तसं नाही. व्हिनाइल (चिकटणारी पातळ प्लास्टिक फिल्म) लावलं, कंटाळा आला की हीटगनने गरम करून काढलं. गाडीच्या चालण्यात काडीचा फरक पडत नाही. जुनी गाडी आपली वाटायला लागते ती अशा गोष्टींनी, आणि ती हौस कुणी करत असेल तर त्याला नावं ठेवू नयेत.

तिसरा गिअर
चाकांबद्दल अजिबात सहमत नाही. तुमचेच आकडे पुढे न्या. २४५/४० आर१८ चा एकूण व्यास ६५३ मिलिमीटर, २४५/३५ आर१९ चा ६५४. स्पीडोमीटर, एबीएस, गिअरिंग, कशालाच धक्का नाही. साइडवॉल कमी झाल्याने स्टिअरिंग नेमकं होतं, वळणावर टायर कमी लवतो. स्पोर्ट्स कार घ्यायची आणि हेच नको म्हणायचं?

वजनाचंही बघा. चांगलं फोर्ज्ड (दाबून घडवलेलं) १९ इंची चाक साध्या कास्ट (ओतीव) १८ इंचीपेक्षा हलकं असू शकतं. आणि रिम वाकण्याची जी प्रकरणं होतात त्यात हवेचा मोठा वाटा असतो. कमी प्रोफाइलच्या, म्हणजे कमी साइडवॉलच्या, टायरमध्ये हवा कमी ठेवून खड्ड्यात गेलात तर १८ इंचीही वाकेल. दर आठवड्याला गाडी थंड असताना प्रेशर तपासणाऱ्याने १९ बिनधास्त घ्यावीत. आता कोस्टल रोड आहे, अटल सेतू आहे. सगळी मुंबई म्हणजे खड्डेच, असंही नाही.

माहीमची मुक्ता
माझं नेमकं उलट. चाकं काय हवी ती लावा, ती चार बोल्ट, पाच बोल्ट काढले की परत जुनी बसतात. ट्रिमला हात लावू नका!

टीटीची ओळखच त्या धातूच्या तुकड्यांत आहे. पेट्रोलच्या टाकीचं ते गोल अ‍ॅल्युमिनियमचं झाकण, भोवती उघडे दिसणारे बोल्ट. आत एसीच्या गोल झरोक्यांना तशीच चकचकीत कडी. एका आकाराची सगळीकडे पुनरावृत्ती आहे, कुणीतरी बसून विचार केलेला आहे. त्यावर काळी पट्टी फिरवली की हा सगळा विचार पुसला जातो.

आणि ‘कंटाळा आला की काढलं’ इतकं ते सोपं नसतं. माहीमला समुद्राजवळ गाड्या उभ्या असतात, मी रोज बघते. दोन पावसाळ्यांत व्हिनाइलचे कोपरे उचलतात, आत खारं पाणी बसतं आणि खालचं पॉलिश पांढरं पडतं. पट्टी नीट गुंडाळायला कारागीर ट्रिम काढतो, तेव्हा जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर त्याच क्लिपा शोधत हिंडा. डागाळलेली चौकट पॉलिश होत नसेल तर तशीच नवी घ्यावी, हे माझं मत.

वडाळा ते वाशी
तिघांनी कायदा बाजूलाच ठेवलाय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीत गाडीचा रंग लिहिलेला असतो, तेव्हा पूर्ण गाडी फिल्मने रॅप करताना हे लक्षात ठेवा. ही गाडी पंधरा वर्षांच्या आसपास असणार. नोंदणीच्या नूतनीकरणाला आरटीओत उभी राहील, तेव्हा तपासणीत नसती झंझट कशाला? महागडी चाकं विम्यात वेगळी जाहीर केली नाहीत, तर त्यांचे पैसे मिळतील असं धरून चालू नका.

गिरगावचा गडी
कायद्याचं मान्य, आणि तो मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. आरसीत बॉडीचा रंग असतो, ग्रिलच्या चौकटीचा नव्हे.

तिसरा गिअर, कोस्टल रोडवर सरळ पट्ट्यात ८० ची मर्यादा आहे. तिथे स्टिअरिंग किती नेमकं झालं हे कळणार कसं? आणि तिथपर्यंत पोचायला गल्लीतूनच जायचं आहे ना?

कळव्याची आरती
आमचं घरचं टायरचं काम आहे, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते. १८ की १९ नंतर ठरवा, आधी बोल्ट बघा.

ऑडीच्या मूळ चाकाचा बोल्ट हातात घ्या. डोक्याच्या खालचा भाग गोलसर असतो, चेंडूसारखा. बाहेरच्या बहुतेक अलॉय चाकांना तो निमुळता, शंकूसारखा लागतो. गोल बोल्ट शंकूच्या खाचेत आवळला तर घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण धातूला धातू टेकलेला असतो फक्त एका बारीक रेघेवर. तो हळूहळू ढिला होतो. पत्ता लागतो तो स्टिअरिंग थरथरायला लागल्यावर.

दुसरं, हबचं भोक, म्हणजे चाकाच्या मधलं भोक, जे गाडीच्या हबवर बसतं. या ऑडीचं ५७.१ मिलिमीटर, मर्सिडीजचं ६६.६. दोन्हीला पाच बोल्ट आणि ११२ चा पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास), त्यामुळे दुकानदार ‘बसतं की’ म्हणून चढवून देतो. मधली जागा भरणारी रिंग नसेल तर चाक हबवर बरोबर मध्यभागी बसेलच असं नाही. बोल्ट टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) १२० न्यूटन मीटरला आवळायचे, इम्पॅक्ट गनने नव्हे, आणि थोडं चालवून पुन्हा तपासायचे.

जुनी रिम घेताना आतल्या बाजूने बोट फिरवा. वेल्डिंगचा उंचवटा लागला तर सरळ परत करा, कितीही स्वस्त असू दे. या बाबतीत भीड ठेवू नका.

तिसरा गिअर
आरतीताई, बोल्टचं शंभर टक्के पटलं. पण यात १९ इंची कुठे बाद होतात? बाहेरून १८ घेतली तरी हेच सगळं बघावं लागणार.

गिरगावचा गडी
म्हणूनच तर म्हणतो, बाहेरून घ्यायचीच कशाला? आहेत त्याच चाकांच्या कडा दुरुस्त करून पावडर कोटिंग करून घ्यावं. मूळ बोल्ट, मूळ ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते), काहीच बदलत नाही. वाचलेल्या पैशांत चार चांगले टायर येतील. त्याच्या टायरवरचा आकडा मी वाचला, ३११६. म्हणजे २०१६ चा एकतिसावा आठवडा! पैसे आधी तिथे जायला हवेत.

माहीमची मुक्ता
याला मात्र अनुमोदन. फक्त कोटिंग चंदेरीच करा, काळं नको. आणि ते पेट्रोलचं झाकण तसंच राहू द्या.