जाडी नको, भाग मोजा
वाचनगटाला महिनाभरात वाचायला जाडजूड रशियन कादंबरी कोणती घ्यावी, यावर टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस' सुचवली जाते खरी, पण ३६१ प्रकरणं तेवढ्यात कुणाच्यानं होणार? त्यापेक्षा दोस्तोयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' (१८६६) घ्या. सहा भाग आणि उपसंहार, म्हणजे दोन-दोन भागांच्या तीन बैठका आपसूक पडतात. खून पहिल्याच भागात होतो, त्यामुळे खुनाचं आधी कळलं तरी रस जात नाही. अनुवाद मात्र सगळ्यांनी एकच घ्या आणि तो संक्षिप्त नाही ना, हे आधी बघा. खरा घोळ तिथेच होतो. प्रत्येक बैठकीपर्यंत किती वाचायचं तो टप्पा पानांत नको, प्रकरणांत सांगा, आवृत्तीगणिक पानं बदलतात. प्रस्तावना शेवटी वाचा, तिथे बहुधा शेवट फोडलेला असतो. आणि नावांची चिठ्ठी पुस्तकातच ठेवा: रास्कोल्निकोव्ह, रोद्या, रोदिओन रोमानोविच, ही तिन्ही नावं एकाच नायकाची!